रूबेन गॅरडची पांढरी नाणी

माझ्या बहिणीचा नवरा रूबेन गॅरड, त्याच्या मालकीचं सोन्याचं नाणं एकही नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण तो गेल्यावर गावात नाही नाही त्या गोष्टींना पाय फुटले. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची सोन्याची नाणी ओळखून दिली. इंग्लंडच्या कुठल्या राजाचं, खरं की खोटं, कडा कुणी कातरल्यात का, सगळं सांगायचा. स्वतःच्या खिशात मात्र कायम चिल्लर, आणि तीही चुन्यानं माखलेली.

रूबेन गिलाव्याची कामं करायचा. इंग्लंडच्या पूर्वेकडल्या आमच्या बंगी गावापासून वीस मैलांत त्याची थापी लागली नाही असं जुनं घर विरळाच. माझी बेकरी बाजारातल्या बटर क्रॉस नावाच्या जुन्या मंडपामागच्या गल्लीत. दुकानाच्या मागल्या अंगाला चहाची चार टेबलं आहेत. त्यातलं खिडकीजवळचं शनिवारी सकाळी त्याचं असायचं. एक लहानसा तराजू, एक भिंग आणि बिस्किटाच्या डब्यात भरलेली मऊ माती एवढाच पसारा. लोक कागदात, मोज्यात, औषधाच्या बाटलीत घालून नाणी आणायचे. तो वजन करायचा, भिंगातून बघायचा, मग विचारायचा, "ठसा घेऊ का?" हो म्हटलं की नाणं मातीत हलकेच दाबायचा, दोन्ही बाजूंनी, आणि घरी जाऊन त्या साच्यात पांढरं प्लॅस्टर ओतायचा. असे सहाशेच्या वर ठसे त्याच्याकडे जमले. कपाटाच्या सपाट खणांतून ओळीनं मांडलेली पांढरीफटक नाणी, प्रत्येकाच्या कडेवर पेन्सिलीनं वजन आणि तारीख. हाच त्याचा संग्रह.

माझी बहीण ऑलिव्ह म्हणायची, "लोकांचे नवरे दारू पितात. माझा दुसऱ्यांच्या सोन्याचं पीठ करून ठेवतो."

हे वेड लागलं ते एकोणीसशे एकोणसाठच्या मार्चमध्ये. तेव्हा ऑलिव्हचं आणि त्याचं नुकतंच ठरलं होतं. सॅलो फार्मवर मिसेस ऑल्डस नावाची विधवा बाई शेती बघायची. त्यांच्या माडीवरच्या खोलीचं छत लोंबायला लागलं, म्हणून रूबेनला बोलावलं. बावीस वर्षांचा होता. जुना गिलावा, चुना आणि घोड्याचे केस कालवलेला, लाकडी पट्ट्यांवरून खरवडून काढत होता. एक मोठा पोपडा सुटला आणि त्याच्याबरोबर काहीतरी खांद्यावर आपटून फळ्यांवर घरंगळत गेलं.

त्यानं ते उचलून अंगठ्यानं पुसलं. सोन्याला गंज चढत नाही. चुना निघाला तिथे ते काल घडवल्यासारखं लखलखलं. एका बाजूला पंखवाला देवदूत, पायाखाली राक्षसी सर्प तुडवणारा. दुसऱ्या बाजूला जहाज, डोलकाठीच्या जागी क्रूस, क्रूसाच्या एका अंगाला अक्षर आणि दुसऱ्या अंगाला गुलाब. देवदूताच्या डोक्यावर, कडेच्या अक्षरांच्या सुरुवातीला एक बारीकशी खूण होती. अर्धा सूर्य आणि अर्धा गुलाब एकमेकांना चिकटवल्यासारखी. राजाचं नाव चुन्याच्या खपलीखाली होतं. ती नखानं काढावी का, असा विचार करत तो खिडकीशी उभा होता, तेवढ्यात मिसेस ऑल्डस चहा घेऊन जिना चढल्या.

त्यानं नाणं त्यांच्या हातावर ठेवलं.

"तुमच्या छतात होतं, मॅडम."

"अगंबाई! छान आहे की." त्यांनी ते उजेडात धरलं, एप्रनच्या खिशात टाकलं आणि म्हणाल्या, "चहा गार होईल बघ."

संध्याकाळी निघताना त्यांनी त्याला डझनभर अंडी दिली. नाणं त्याच्या हातात होतं ते सगळं मिळून पाच-सात मिनिटं. पण रूबेन घरी आला, सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडला आणि कामाच्या जाड पेन्सिलीनं नाण्याच्या दोन्ही बाजू आठवतील तशा काढल्या. ऑलिव्ह तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात हेरिंग मासे तळत होती. तो कागद घेऊन तसाच आमच्याकडे आला आणि तिला म्हणाला, "मी ते फार लवकर देऊन टाकलं गं."

"मग काय ठेवून घेणार होतास? चोर कुठला!"

"ठेवून नाही घ्यायचं. आणखी थोडा वेळ बघायचं होतं."

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा सॅलो फार्मवर गेला, टोपी हातात घेऊन, एकदा बघू द्याल का म्हणून. पण तेवढ्यात मिसेस ऑल्डसची मुलगी सिबिल लग्न करून तिकडे ऑस्ट्रेलियात, टास्मानियाला निघून गेली होती. आईनं नाणं तिच्या कोटाच्या अस्तरात शिवून दिलं होतं. बोट निघून चार दिवस झाले होते.

पुस्तकांचा नाद त्यानंतरचा. शाळा चौदाव्या वर्षी सोडलेला माणूस, वाचनालयात कोपऱ्यात बसून एकेक शब्द बोटानं धरून वाचायचा. नॉरिचच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात काचेला नाक लावून उभा राहायचा. त्या नाण्याचं नावच एंजल, म्हणजे देवदूत, हे त्याला सापडलं. मग एकदा शनिवारी दुकान बंद करताना त्यानं मला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं होतं, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"बघ नेटा, अर्धा सूर्य आणि अर्धा गुलाब ही खूण फार थोडी वर्षं चालली. चौथ्या एडवर्डच्या अखेरीला, पाचशेक वर्षांपूर्वी. तो मेला, मग त्याचा बारा वर्षांचा पोरगा गादीवर आला, तोही एडवर्डच. तीन महिनेही राज्य केलं नाही त्यानं. काका रिचर्डनं लंडनच्या टॉवर किल्ल्यात ठेवला आणि मग तो कुणाला दिसलाच नाही. काका राजा झाला. पण नाणी पाडायचे ठसे तेच होते ना? मग पोराच्या ई अक्षरावर काकाचा आर ठोकला."

"म्हणजे डोलकाठीच्या बाजूचं ते अक्षर?"

"तेच. नुसता ई असेल तर बापाचं किंवा पोराचं. ई वर आर असेल तर काकाचं, पण पोराच्या ठशातून निघालेलं."

"आणि तुझ्या नाण्यावर काय होतं?"

त्यानं खिशातून तो सिमेंटचा कागद काढला. घड्यांवर चिरत आला होता. "ई वर आर," तो म्हणाला.

त्यानं सिबिलला पत्र लिहिलं. मिसेस ऑल्डसकडून पत्ता मिळाला होता. उत्तर आलं नाही. काही वर्षांनी दुसरं लिहिलं. मिसेस ऑल्डस वारल्या तेव्हा सांत्वनाचं म्हणून तिसरं लिहिलं, आणि शेवटी त्यात नाण्याचा विषय काढलाच. त्यालाही उत्तर नाही. ऑलिव्हनं ते पत्र टपालात टाकताना मला म्हटलं होतं, "मला या माणसानं लग्नाआधी एक पत्र लिहिलं, तेही बस चुकली म्हणून."

मधल्या वर्षांत त्याच्या टेबलावर काय काय येऊन गेलं! शेतातून यंत्रं फिरवून धातू शोधणारे लोक वाढले, तशी गर्दीही वाढली. बोटाच्या नखाएवढी चिमुकली सोन्याची नाणी, कुणाच्या नांगरानं वाकवलेली, कुणी आजीच्या अंगठीत बसवलेली. आणि सगळ्यांत जास्त यायच्या त्या पितळी गिन्या. डुकरं पाळणारे म्हातारे पर्सी ब्लोअर्स एकदा रविवारचा कोट चढवून आले होते.

"हे बघ गड्या. माझ्या आजोबांची गिनी. सांग, किती जुनी आहे."

रूबेननं तराजूत टाकली, कडेची अक्षरं वाचली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजोबांना पत्त्यांचा नाद होता का हो?"

"होता की! पण तुला कसं कळलं?"

"ही पत्त्यांच्या डावात मोजायला वापरायची चकती आहे. गिनीसारखी केलेली. पितळ. हे बघा, इथं लिहिलंय, त्या जुन्या चांगल्या दिवसांच्या आठवणीसाठी."

ब्लोअर्सनी चकती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "तीस वर्षं हे उशाखाली घेऊन झोपलो मी. चोर खिडकीतून आला तर आधी बायकोला अडखळावा, म्हणून तिला त्या बाजूला झोपवली. आता तिला काय सांगू?"

"सांगा, आता बाजू बदलू या."

सगळं दुकान हसलं. ब्लोअर्सही हसले. पण ते गेल्यावर रूबेन मला म्हणाला, "खोटं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं." त्याला ते कधी जमलं नाही. एका सोनाराच्या मुलीनं आणलेलं नाणं ओतीव, म्हणजे बनावट निघालं, कडेला साच्याची बारीक शिवण होती. ती रडायला लागली, तरी त्यानं चिठ्ठीवर तेच लिहिलं. मात्र खाली जोडलं, 'सोनं खरं आहे.'

अठ्ठ्याण्णव सालच्या सप्टेंबरमध्ये एक तिशीतली बाई दुकानात आली. उन्हानं रापलेली, पाठीवर पिशवी. तिनं दोन बन घेतले आणि विचारलं, "सॅलो फार्म कुठे आहे सांगाल? माझी आजी तिथं राहायची. ऑल्डस."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

"तू सिबिलची मुलगी?"

"हो. रोवेना. टास्मानियातल्या लॉन्सेस्टनहून आले. आई गेल्या वर्षी गेली. तिनं कधी परत यायचं केलं नाही, म्हणून म्हटलं मी तरी येऊन जावं." मग तिनं गळ्यातली साखळी शर्टाच्या आतून बाहेर काढली. "आणि हे कुणाला तरी दाखवायचं आहे. लंडनमधला एक नाण्यांचा व्यापारी म्हणाला, याचं काही कळलं तर तो किमतीचं बोलायला तयार आहे."

गुरुवार होता. रूबेन चर्च स्ट्रीटवर कुणाचं तरी छत करत होता. मी दुकान तसंच टाकून धावत गेले. तो पायाडावर उभा होता.

"रूबेन, खाली ये."

"गिलावा वाळेल."

"वाळू दे! सिबिलची मुलगी आली आहे. ते घेऊन आली आहे."

त्यानं थापी बादलीत ठेवली, उतरला, हात धुतले. पुन्हा धुतले. मग साबण मागितला.

खिडकीजवळच्या टेबलावर रोवेनानं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं, तेव्हा मी काउंटरच्या मागे होते, पण मला त्याचा चेहरा दिसत होता. देवदूत होता. सर्प होता. डाव्या पंखाच्या खळगीत चुन्याचा एक कण अजून चिकटून होता. त्यानं तो कण भिंगातून फार वेळ पाहिला. मग नाणं उलटं केलं.

जहाज नव्हतं. मागची बाजू कुणीतरी कानस मारून साफ गुळगुळीत केली होती, आणि तिच्यावर वेलबुट्टीदार अक्षरांत कोरलं होतं, एस. ए.

"आईनं तिकडं पोहोचल्यावर एका सोनाराकडून करून घेतलं," रोवेना म्हणाली. "सिबिल ऑल्डस, तिची माहेरची आद्याक्षरं. काही बिघडलं का?"

"नाही, नाही," रूबेन म्हणाला.

साखळीसाठी वर कडी डाखली होती. डाख नेमका त्या अर्ध्या सूर्य, अर्ध्या गुलाबावर आणि राजाच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवर पसरला होता. नावाची शेवटची तीनच अक्षरं उघडी होती. ए, आर, डी. एडवर्डही तसाच संपतो आणि त्या नाण्यांवरचा रिकार्ड, म्हणजे रिचर्डही तसाच संपतो. रूबेननं ती तीन अक्षरं मोठ्यानं वाचली आणि भिंग खाली ठेवलं.

मीच न राहवून म्हटलं, "पण तुझा कागद आहे ना! त्यावर आहे सगळं."

रोवेना सावरून बसली. "कसला कागद?"

त्यानं पाकिटातून कागद काढला, उलगडला आणि तिच्यापुढे सरकवला. "मी त्याच दिवशी काढलं होतं. हे जहाज. हे अक्षर."

"ई वर आर," तिनं वाचलं. "मग याचा अर्थ काय?"

रूबेननं भिंग तिच्या हातात दिलं. मग त्यानं त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"नीट बघ पोरी. ई जाड पेन्सिलीचा आहे. आरचं पोट आणि तंगडी बारीक पेन्सिलीची. ती मी चार वर्षांनी काढली, पुस्तक वाचल्यावर. तेव्हा मला खात्री वाटत होती की मी ते पाहिलं होतं. मग इतकी वर्षं कागद बघून बघून आणखी खात्री झाली." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "खरं काय पाहिलं, ते मला आता माहीत नाही."

पस्तीस वर्षं मला तो ई वर आर सांगत आला होता. मला राग यायला हवा होता. पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, चोरी पकडलेल्या शाळकरी मुलासारख्या, आणि मी त्याला आणखी चहा ओतला.

त्यानं वजन केलं. पाच ग्रॅमच्या खाली भरलं. कानस लागल्यामुळे असायला हवं त्यापेक्षा कमी. मग नेहमीच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'एंजल. अस्सल. चौथा एडवर्ड किंवा त्याच्यानंतरचे दोघे. यापुढे सांगता येत नाही.' आणि सही केली.

"लंडनचा व्यापारी तुला हा चित्राचा कागद मागेल," तो म्हणाला. "मी देणार नाही. माफ कर."

"मला विकायचं नव्हतंच तसं," रोवेना म्हणाली. "मला फक्त कळायला हवं होतं, की आई त्याच्याकडे एवढी का बघायची. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, अंगठा सारखा त्याच्यावर. तिकडं तिला सगळंच परकं वाटायचं. म्हणायची, हा देवदूत आमच्या घराच्या छतातून पडला. एका पोरानं आणून दिला, ठेवून घेतला असता तर कुणाला कळलंही नसतं." मग ती थांबली. "ते पोरगं म्हणजे तुम्हीच का? पत्रं लिहिणारे?"

"मिळाली होती का ती?"

"तिन्ही जपून ठेवली होती. उत्तर द्यायला भ्यायची. लपवून ठेवलेलं सोनं सरकारजमा होतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिला वाटायचं, तुम्ही परत मागाल."

"मला फक्त बघायचं होतं," रूबेन म्हणाला.

ती संध्याकाळपर्यंत गावात थांबली. नाणं तिनं साखळीतून काढून त्याच्या हाताशी ठेवून दिलं आणि स्वतः सॅलो फार्म बघायला गेली. रूबेन खिडकीशी बसून राहिला. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा त्यानं मातीचा डबा उघडला, पण नाणं दाबायच्या आधीच पुन्हा झाकण लावलं.

"ठसा नाही घेत?" मी विचारलं.

"घेऊन काय करू? मला हवं ते त्यात नाही."

त्या हिवाळ्यात तो शनिवारी आलाच नाही. लोक यायचे, बन खायचे, निघून जायचे. ऑलिव्ह मला सांगायची, घरी नुसता बसून असतो. एके दिवशी मी त्याच्यासाठी पाव घेऊन गेले, तेव्हा तो खण उघडून ठशांवरची धूळ फुंकत होता.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "एकदा हातात आलं की शांत वाटेल. आख्खी दुपार होतं हातात. आणि नेटा, मला सारखी आठवत होती ती सकाळ, पोपडा पडला ती. नाणं परत आलं. ती सकाळ कुठून आणू?"

आतून ऑलिव्ह ओरडली, "सकाळ राहू दे, कोळसे आण आधी!"

तो उठला आणि कोळसे आणायला गेला.

वसंतात कुळव घेऊन शेतात गेलेल्या एका माणसाला पाव नोबल हे जुनं सोन्याचं नाणं सापडलं. रूबेन तो शनिवार चुकवू शकला नाही, आणि मग पुढचेही नाही. आणखी पाच वर्षं बसला तो त्या टेबलाशी. नवी माणसं विचारायची, "तुम्हाला सगळ्यांत आवडलेलं नाणं कुठलं?" तेव्हा म्हणायचा, "एक होतं, पण ते मला नीट ओळखता आलं नाही." दोन हजार चारच्या फेब्रुवारीत तो गेला. छातीत चुना साचला होता, डॉक्टर दुसरं काहीतरी नाव सांगत होते. ठसे संग्रहालयानं मागून नेले.

रोवेना दर नाताळला कार्ड पाठवायची आणि प्रत्येक कार्डावर लिहायची, दोघं या. रूबेनला विमानाची भीती वाटायची. तो गेला त्याच वर्षी ऑलिव्ह, जी आयुष्यात जवळच्या ग्रेट यार्मथ बंदराच्या पलीकडे गेली नव्हती, ती एकटी विमानात बसून लॉन्सेस्टनला गेली. दोन महिने राहिली. तिथून मला एक पोस्टकार्ड आलं, समुद्राचं चित्र असलेलं. मागे तिच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं:

'इथं नाताळात घामाच्या धारा लागतात आणि लोक अंगणात बसून कोळंबी खातात. रोवेना फार करते माझं. रूबेन असता तर पहिल्या दिवसापासून कुरकुरला असता. मला इथं सगळं आवडतंय गं, पण कुणी कुरकुरतच नाही. कालपासून मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतंय.'